कळसूबाई ते भीमाशंकर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालत : तयारीसाठी मदत हवीये

बिनघाईचा | २ नोव्हेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. वय ४६, मुक्काम पुणे. एक नोकरी ३० नोव्हेंबरला संपतेय, दुसरी १ जानेवारीला सुरू होतेय, मधला अख्खा डिसेंबर मोकळा. असा महिना कॉलेज सुटल्यापासून मिळालेला नाही आणि रिटायर होईपर्यंत मिळेल असं वाटत नाही.

तर डोक्यात असं आहे की पायथ्याच्या बारी गावातून सुरुवात करायची, कळसूबाई करून खाली, मग भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेकडेने रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, खिरेश्वर, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग किल्ला, आहुपे आणि भीमाशंकरला शेवट. सगळं चालत, एकटा, ९ दिवसांत. यातलं निम्मं तुकड्यातुकड्यांनी केलंय, रतनगड ते हरिश्चंद्र २००४ साली मित्रांबरोबर, पण तेव्हा वय २५ होतं आणि स्वयंपाक दुसरं कुणीतरी करायचं.

सॅक आज भरून काट्यावर ठेवली तर १७.४ किलो. तंबू न्यायचा का? जेवण न्यायचं की गावांत मिळतं? कात्राबाईची वाट एकट्याला सापडेल का? बायकोचा एकच प्रश्न आहे, "कशासाठी?" त्याचं उत्तर कुणाकडे असेल तर तेही द्या.

चहाबाज | २ नोव्हेंबर, रात्री ११.५२

वाचतोय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय, आमच्याकडेही विचारणारी आहे.

खडूस_काका | ३ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

१७.४ किलो? ट्रेकला चाललात की घर बदलताय?

कातळखुणा | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

बेत झकास. पण ९ दिवस विसरा, ११ धरा आणि वर एक दिवस हातात ठेवा. तुम्ही कागदावर अंतर मोजलंय, चढउतार मोजलेला नाही. कळसूबाई १६४६ मीटर, ती करून लगेच त्याच दिवशी रतनवाडी गाठायचा विचार असेल तर तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतील. पहिले तीन दिवस मुद्दाम हलके ठेवायचे. लांबच्या चालीत लोक शेवटी शेवटी सोडून जात नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोडतात, कारण पहिल्या दिवशी उत्साहात सगळी हौस भागवून घेतलेली असते.

माझ्या मते असं करा. पहिला दिवस कळसूबाई आणि बारीतच मुक्काम. शनिवार-रविवार टाळा, शिड्यांवर लाईन लागते. दुसऱ्या दिवशी शेंडी गावावरून रतनवाडी. तिसऱ्या दिवशी सॅक घरात ठेवून रतनगड, परत रतनवाडीत. चौथ्या दिवशी खिंड ओलांडून कुमशेत, पाचव्या दिवशी पाचनईवरून हरिश्चंद्र, सहाव्या दिवशी टोलार खिंडीने खिरेश्वर. पुढचं नंतर बोलू.

कात्राबाईच्या वाटेला रतनवाडीतून कुणाला तरी बरोबर घ्या, निदान खिंडीपर्यंत. रतनगडाची वाट सोडून ती जिथे फुटते तिथून पुढे दाट रान आहे, गुरांच्या वाटा दहा ठिकाणी फुटतात आणि सगळ्याच खऱ्या वाटतात. जीवधनला नाणेघाटाच्या बाजूने कातळटप्पा आहे, पाठीवर ओझं घेऊन एकट्याने अजिबात नको, घाटघरकडून जुन्नर दरवाजाने चढा. ढाकोबा-दुर्गच्या पठारावर पाण्याचा भरवसा धरू नका, त्या दिवशी ३ लिटर बरोबर.

बर्लिनकर | ३ नोव्हेंबर, दुपारी २.३०

मी इकडे आल्प्समध्ये ओबर्स्टडॉर्फ ते मेरान चाललोय, सहा दिवस. तिथे ठराविक अंतरावर लाकडी झोपड्या असतात, गादी मिळते, सूप मिळतं, त्यामुळे लोक ८-९ किलोत भागवतात. तुमच्याकडे झोपड्यांच्या जागी गावं आहेत, तोच हिशेब लावा. ढोबळ नियम, पाणी आणि खाणं धरून सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिस्स्याच्या वर जाऊ द्यायची नाही. तुमचं वजन किती? आणि सॅकमधल्या प्रत्येक वस्तूचं वजन किचनच्या काट्यावर करा, मग इथे यादी टाका. लाजू नका, सगळ्यांच्या यादीत एक मूर्खपणा असतोच. माझ्याकडे लोखंडी खलबत्ता होता. आलं कुटायला.

बिनघाईचा | ३ नोव्हेंबर, रात्री १०.१०

वजन ७२, म्हणजे १४.४ च्या आत. यादी टाकतोय, हसा हवं तर. सॅक रिकामीच २.३ (२००४ सालचीच आहे), तंबू २.८, स्लीपिंग बॅग १.६, स्टोव्ह-सिलिंडर-भांडी १.५, शिधा ३.२, कपडे २.४ (त्यात एक जीन्स), दोन पॉवरबँक मिळून ०.८, पाणी २, औषधं, टॉर्च, दोरी वगैरे ०.८. अरे हो, यात एक जाडजूड पुस्तक धरलेलंच नाही.

खडूस_काका | ३ नोव्हेंबर, रात्री १०.१४

जीन्स. 🙏

भाकरतुकडा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

माझं माहेर अकोले तालुक्यातलं म्हणून लिहिते. तंबू आणि स्टोव्ह दोन्ही घरी ठेवा. बारी, रतनवाडी, कुमशेत, पाचनई, खिरेश्वर, सगळीकडे घरांतून जेवायची-झोपायची सोय होते, ओसरीत अंथरूण टाकतात, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, कधी कालवण. मात्र अचानक रात्री आठला दारात उभं राहून "जेवण मिळेल का" असं करू नका. चुलीवरचं काम असतं, घरातल्या बाईला आधी माहीत हवं. आदल्या मुक्कामाच्या घरातूनच पुढच्या गावी फोन लावून घ्यायचा, सगळ्यांचे सगळीकडे पाव्हणे असतात. आणि पैशासाठी घासाघीस करायची नाही, शहरात वडापावला घासाघीस करतो का आपण?

दुसरं म्हणजे भात नोव्हेंबरात कापून-झोडून होतो, तुम्ही जाल तेव्हा खाचरं रिकामी असतील, बांधावरून आरामात चालता येईल. पण गवत वाळलेलं असेल. स्टोव्ह नको म्हणते ते त्यासाठीसुद्धा, एक ठिणगी पडली तर अख्खा डोंगर पेटतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, चौकीवर पावती फाडावी लागते आणि गडावर मुक्काम करू देतात की नाही हे तिथेच विचारा, नियम बदलत असतात.

चहाबाज | ४ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

स्टोव्ह नाही म्हणजे सकाळचा चहा गावातल्या लोकांच्या भरवशावर. मी नाही जाणार असल्या ट्रिपला.

भाकरतुकडा | ४ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

तुम्हाला कुणी बोलावलंय. आणि चहा मिळतो, कोरा मिळतो, गोड मिळतो.

मोचीगिरी | ४ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

सगळे वजनावर बोलताय, बूट कुठले आहेत ते कुणीच विचारलं नाही. किती जुने?

यष्टीप्रेमी | ४ नोव्हेंबर, दुपारी १.१०

पुण्याहून संगमनेर, तिथून अकोले, राजूर, शेंडी, बारी. शेंडीला जाणारी थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर अकोल्यात बदला. सॅक मागच्या सीटखाली सरकवा, कंडक्टरशी गोड बोला.

एक विचारू का, खिरेश्वर ते नाणेघाट चालायचा हट्ट कशाला? खुबी फाट्यावर यष्टी पकडा, जुन्नरला मिसळ खा, दुसऱ्या गाडीने घाटघरला उतरा. मधला पट्टा म्हणजे डांबर आणि पोल्ट्री.

कातळखुणा | ४ नोव्हेंबर, दुपारी १.३५

मग कळसूबाई ते भीमाशंकर चालत कसं म्हणणार?

यष्टीप्रेमी | ४ नोव्हेंबर, दुपारी १.३८

कोण तपासायला येणार आहे? कळसूबाई?

कातळखुणा | ४ नोव्हेंबर, दुपारी २.२०

प्रश्न तपासण्याचा नाहीये. तो पट्टा कंटाळवाणा आहे हे मान्य, पण निमगिरीच्या पायथ्याकडून वाट विचारत अंजनावळ्याला निघालं की नाणेघाटाकडे तुम्ही घाटमाथ्याच्या अंगाने पोचता. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरकडून माल याच बाजूने घाटात येऊन कोकणात उतरायचा. त्या गुहेत भिंतीवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, बाहेर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. तिथे चालत येऊन पाय दुखत बसणं आणि गाडीतून उतरून फोटो काढणं यात फरक आहे. माझ्यापुरता तरी.

यष्टीप्रेमी | ४ नोव्हेंबर, दुपारी २.२५

व्यापारीसुद्धा बैलावर माल लादायचे, पाठीवर नाही. 😀

(यापुढचे बैल, खेचरं आणि टोलनाके यावरचे प्रतिसाद धाग्याशी संबंधित नसल्याने हलवले आहेत. – व्यवस्थापन)

बिनघाईचा | ५ नोव्हेंबर, रात्री ११.१५

सगळ्यांचे आभार. तंबू गेला, स्टोव्ह गेला, शिधा कमी करून फक्त चिक्की, खजूर, दाणे आणि दोन दिवसांचे आणीबाणीचे पोहे, जीन्स गेली (काका खूश?), एक पॉवरबँक गेली. सॅक भाच्याची आणली, ती १.४ ची आहे. आता पाण्यासकट १०.९. हे बघून मला तरुण वाटायला लागलंय.

मोचीगिरी, बूट झकास आहेत. २०१८ मध्ये ऑफिसच्या कामाने परदेशात गेलो होतो तेव्हा घेतलेले, महागडे, लेदरचे, घोट्याच्या वर येणारे. दोन-तीनदाच घातलेत, बॉक्समध्ये आहेत, अगदी नवेकोरे. खिरेश्वर-नाणेघाट चालायचं की यष्टी ते पाय ठरवतील.

घोटा_गुडघा | ६ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे. अजून साडेतीन आठवडे आहेत ना, मग भरलेली सॅक घेऊन आठवड्यातून तीनदा पर्वती आणि रविवारी सिंहगड करा. चढण्यापेक्षा उतरण्याची सवय करा, मांड्या उतारावर मार खातात. काठी एक नाही, दोन घ्या. आणि निघायच्या आधी एकदा लांबची चाल होऊ द्या, सगळ्या सामानासकट, जे घालून जाणार तेच घालून.

बिनघाईचा | २३ नोव्हेंबर, दुपारी ४.००

काल रात्री कात्रज ते सिंहगड केला, पूर्ण सॅक घेऊन. किती टेकड्या ते मोजायचं सोडून दिलं, लोक १३ म्हणतात, मला ३० वाटल्या. साडेनऊ तास लागले, २२ वर्षांची पोरं पुढून मागून गाणी म्हणत गेली. पण पोचलो! खांद्याला काही झालं नाही, कमरेचा पट्टा आवळून लावला की वजन खांद्यावर येतच नाही हे ४६ व्या वर्षी कळलं. पायाला एक फोड आलाय पण तो जुन्या रनिंगच्या बुटांमुळे. चांगले बूट आत्ताच मुरमावर घासायला नकोत म्हणून ते घरीच ठेवले होते, ते थेट बारीत बाहेर काढणार.

घोटा_गुडघा | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०

"जे घालून जाणार तेच घालून" असं लिहिलं होतं मी. असो, फोडावर टेप लावा आणि दोन दिवस चपलेत राहा.

बिनघाईचा | १ डिसेंबर, पहाटे ५.२०

स्वारगेटला नाही, शिवाजीनगरच्या स्टँडवर उभा आहे, यष्टीप्रेमींनी सांगितल्याप्रमाणे संगमनेरची गाडी. बायको सोडायला आली होती, म्हणाली रोज संध्याकाळी एक मेसेज, नाहीतर मी इकडून माणसं पाठवीन. निघतो.

चहाबाज | १ डिसेंबर, सकाळी ७.४५

शुभेच्छा! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

बिनघाईचा | २ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

बारीतून. आज कळसूबाई झाली. सकाळी साडेसहाला निघालो, तीन तासांत वर, देवळापाशी मी आणि एक कुत्रा, दोघंच. मंगळवारी यायचा सल्ला सोन्यासारखा. वरून अलंग-मदन-कुलंग असे काही स्वच्छ दिसत होते की २००४ मधले सगळे मित्र आठवले, त्यातल्या तिघांना फोटो पाठवला, एकाने लगेच विचारलं, "नोकरी गेली का?" उतरताना डाव्या बुटातून कुचकुच आवाज येत होता, लेदर आहे, बसेल हळूहळू. उद्या रतनवाडी.

मोचीगिरी | ३ डिसेंबर, रात्री ९.१५

मी महिनाभर इकडे फिरकलो नव्हतो, आत्ता वाचलं. काका, २०१८ चे बूट आणि ७ वर्षं बॉक्समध्ये?? कुचकुच लेदरची नाहीये. असल्या बुटांच्या तळव्यात पॉलीयुरेथेनचा फोम असतो, हवेतला दमटपणा त्याला आतून कुजवत राहतो, वापरा की न वापरा. नुसते ठेवलेले तर जास्तच लवकर जातात, वरून नवेकोरे दिसतात आणि दोन दिवस वजन पडलं की तळवा बिस्किटासारखा भुगा होऊन सुटतो. पुण्यामुंबईच्या हवेत तर विचारूच नका. रतनगडाच्या शिड्या त्या बुटांवर चढू नका. हे वाचताय का?

मोचीगिरी | ४ डिसेंबर, सकाळी ८.३०

काका?

कशासाठी | ४ डिसेंबर, रात्री ९.५०

नवीन आयडी घेतलाय, मराठी टाइप करायला वेळ लागतोय. मी बिनघाईचा यांची बायको. परवा बारीहून मेसेज आला त्यानंतर काही नाही, फोन कव्हरेज क्षेत्राबाहेर. आज रतनगड होता. वरचं बुटांचं वाचलं आणि पोटात गोळा आला. रतनवाडीत कुणाचा नंबर असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भाकरतुकडा | ४ डिसेंबर, रात्री ९.५८

ताई, घाबरू नका, तिकडे रेंज अशीच आहे, एका वाडीत येते, पुढच्या वाडीत जाते. माझा मामेभाऊ शेंडीत असतो, त्याला लावते आत्ता. तुम्हाला व्यनि केलाय, नंबर पाठवा.

कातळखुणा | ४ डिसेंबर, रात्री १०.०४

वहिनी, मीही दोघांना फोन केलाय. रतनगडावर एकटा माणूस गेला तर गावात सगळ्यांना माहीत असतं.

भाकरतुकडा | ४ डिसेंबर, रात्री १०.४१

सापडले!! अमृतेश्वराच्या देवळाजवळच एका घरात आहेत, जेवून झोपले सुद्धा. मामेभावाने तिथल्या शेजाऱ्यांना उठवलं, त्यांनी खिडकीतून बघून सांगितलं, "पुण्याचं पाव्हणं घोरतंय."

कशासाठी | ४ डिसेंबर, रात्री १०.४३

घोरतायत म्हणजे तेच. खूप आभार ताई.

बिनघाईचा | ५ डिसेंबर, सकाळी ७.५५

मंडळी, गावाबाहेर धरणाच्या बाजूला एका दगडावर उभं राहिलं की रेंजच्या दोन काड्या येतात, तिथून लिहितोय. आधी बायकोला फोन झाला, त्याचा वृत्तांत देत नाही.

मोचीगिरी, तुमचं लिहिलेलं आज वाचलं. काल दुपारी नेढ्यात (गडमाथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात) बसून अर्धा तास वारा खाल्ला, स्वर्ग आहे तो, इकडे कोकण तिकडे धरणाचं पाणी. उतरताना लोखंडी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि डावा तळवा टाचेकडून मगरीच्या जबड्यासारखा उघडला. दोन्ही हातांनी शिडी धरलेली, पाठीवर सॅक नाही, एवढंच नशीब. सुतळीने बांधला, शंभर पावलांत उजवा गेला, तोही बांधला. फोमचा अक्षरशः भुगा, बोटांनी चोळलं तर रव्यासारखा. जंगलातून खाली यायला साडेतीन तास लागले, शेवटचा तासभर मोज्यांवर.

ज्यांच्या घरी राहिलोय त्या मावशींनी बूट हातात घेऊन नीट बघितले, केवढ्याला म्हणून विचारलं, मी खरा आकडा सांगितला नाही. त्यांच्या मुलाचे काळे प्लॅस्टिकचे बूट आहेत, इथे सगळे तेच घालून गडावर जातात, भारा घेऊन पळतात त्यात. माझा आणि त्याचा नंबर एकच, ८. त्याने नको म्हटलं तरी पैसे दिले, तो राजूरहून दुसरे आणेल. दोन मोजे चढवले की बरोबर बसतात. काल संध्याकाळी देवळापर्यंत चालून पाहिलं, कुचकुच नाही.

आज विश्रांती (कातळखुणा, तुमचा तो हातातला एक दिवस असा खर्ची पडला), उद्या तोच मुलगा खिंडीपर्यंत येतोय, पुढे कुमशेत. रविवारी हरिश्चंद्र, सोमवारी खिरेश्वर. पण प्लॅस्टिकच्या बुटांवर भीमाशंकरपर्यंत जाईन की नाही ते सांगता येत नाही, घाम फार येतो.

खडूस_काका | ५ डिसेंबर, सकाळी ८.१०

जीन्स ठेवली असती तर निदान बूट बांधायला कापड झालं असतं.

मोचीगिरी | ५ डिसेंबर, सकाळी ८.३२

रोज रात्री पाय धुऊन कोरडे करा, बोटांच्या मध्ये पावडर टाका. आणि त्या बुटांचा फोटो टाका, मला दुकानात लावायचाय.

कशासाठी | ५ डिसेंबर, सकाळी ९.०५

मे महिन्यात कपाट आवरताना मी विचारलं होतं, हे बूट देऊन टाकू का. तर "अगं नवे आहेत" म्हणाले होते.

त्यांचे ते रनिंगचे जुने बूट इथे दारात पडलेत. फोड आला होता पण फाटलेले नाहीत. सोमवारी खिरेश्वरला पोचतील म्हणतायत. यष्टीप्रेमी, पुण्याहून खिरेश्वरला यायचं तर कसं?

यष्टीप्रेमी | ५ डिसेंबर, सकाळी ९.०७

आयुष्यभर या प्रश्नाची वाट बघत होतो वहिनी. शिवाजीनगरहून नाशिकच्या बाजूची कुठलीही गाडी, आळेफाट्याला उतरा. तिथून माळशेजमार्गे कल्याणला जाणारी गाडी, खुबी फाट्याचं तिकीट. पहाटेची धरलीत तर दुपारच्या जेवणाला तिकडे.

कशासाठी | ५ डिसेंबर, सकाळी ९.१५

फाट्यापासून पुढे गाडी आहे?

यष्टीप्रेमी | ५ डिसेंबर, सकाळी ९.१६

भरवशाची नाही. धरणाच्या भिंतीवरून सरळ रस्ता आहे, पाणी एका बाजूला, समोर हरिश्चंद्र. तास-सव्वा तास चालावं लागेल.

कशासाठी | ५ डिसेंबर, सकाळी ९.२०

चालेल.